पट्टीवरची बेरीज आणि खोडदचा डेटा

पीएचडीला लागल्यावर वाटतं की आता नुसता विचार करायचा आणि समीकरणं सोडवायची. प्रत्यक्षात पहिलं वर्ष बरंचसं फायली इकडून तिकडे हलवण्यात जातं. सर्व्हरवरून डिस्कवर, डिस्कवरून लॅपटॉपवर, मग पुन्हा दुसऱ्या डिस्कवर. या हलवाहलवीत फाइल मूळची राहिली की नाही, हे कसं ओळखायचं आणि नसेल राहिली तर ती परत मिळवता येते का, यावर आज लिहितेय. संशोधनाच्या पूर्वतयारीच्या पुस्तकांत हा विषय सहसा नसतो.

उदाहरण माझ्या विषयातलं घेते, म्हणजे रेडिओ खगोलशास्त्रातलं. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही दुर्बीण आहे, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मधल्या साधारण एक किलोमीटरच्या चौकात, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, शेतांच्या आणि गावांच्या मधून पसरलेल्या. प्रत्येक तबकडीचा सिग्नल ऑप्टिकल फायबरमधून खोडदला येतो आणि तिथे प्रत्येक तबकडीची दुसऱ्या प्रत्येक तबकडीशी जोडी लावली जाते. ३० तबकड्यांच्या जोड्या किती? ३० गुणिले २९, भागिले २. म्हणजे ४३५.

आता फायलीचा आकार काढू. समजा, फ्रीक्वेन्सीचे २०४८ भाग केले, दोन ध्रुवीकरणं ठेवली आणि प्रत्येक सम्मिश्र संख्येला ८ बाइट धरले. ४३५ × २०४८ × २ × ८ म्हणजे एका नोंदीला सव्वाचौदा एमबी. दर ८ सेकंदांनी एक नोंद धरली तर तासाला साडेसहा जीबीच्या आतबाहेर, आणि आठ तासांच्या निरीक्षणाला ५० जीबी. ही एका रात्रीची एक फाइल. ती तुमच्या प्रबंधाचा अर्धा जीव असू शकते.

पुन्हा निरीक्षण घेता येईल की, असं कुणी म्हणेल. दुर्बिणीचा वेळ अर्ज करून मिळतो, वर्षातून दोनदा अर्ज मागवतात, आणि मागणी उपलब्ध वेळेपेक्षा जास्त असते. ही झाली सोपी अडचण. अवघड अडचण अशी की आकाश थांबत नाही. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी पकडल्या गेल्या. पुढचे काही महिने जगभरच्या दुर्बिणी त्या जागेकडे बघत होत्या, खोडदची दुर्बीणही. त्या रेडिओ प्रकाशाची चढउतार एकदाच झाली. त्या रात्रींची फाइल गेली, तर कितीही अर्ज केले तरी ती रात्र परत मिळत नाही.

शिवाय तुमचा डेटा तुमच्या एकट्याच्या कामाचा नसतो. खोडदच्या दुर्बिणीने २०१० ते २०१२ मध्ये १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ सगळं दिसणारं आकाश पाहून घेतलं. टीजीएसएस म्हणून ते सर्वेक्षण ओळखलं जातं. हा कच्चा डेटा संग्रहात पडून होता. काही वर्षांनी एका वेगळ्या गटाने तो संग्रहातून काढला, नव्या पद्धतीने पुन्हा सोडवला आणि २०१७ मध्ये सुमारे ३७,००० चौरस अंश आकाशाची, सहा लाखांहून अधिक स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीतल्या एका स्रोताचा पाठपुरावा करून २०१८ मध्ये ५.७२ रेडशिफ्टची रेडिओ दीर्घिका सापडली, त्या वेळी माहीत असलेली सर्वांत दूरची. निरीक्षण घेणाऱ्यांच्या तेव्हा ध्यानीमनीही नव्हतं. म्हणून फाइल जपायची ती आज आपल्याला काय हवंय एवढं पाहून नाही.

फाइल बिघडते म्हणजे काय होतं?

कधी अख्खी डिस्क बंद पडते. हे दिसतं तरी. वाईट प्रकार न दिसणारा. डिस्कवरचा एखादा छोटा तुकडा वाचता येईनासा होतो, केबल सैल असते, मेमरीत एक बिट उलटतो, कॉपी होताना वीज जाते आणि फाइल ९७ टक्क्यांवर थांबते, पण नाव तेच राहतं.

एक बिट उलटला तर काय होईल? ते कुठल्या जागी, त्यावर आहे. १.० ही संख्या संगणकात ३२ बिटांत लिहिलेली असते. तिचा शेवटचा बिट उलटला तर ती १.००००००१२ होते; कुणाच्या बापाला कळणार नाही. घातांकाचा सर्वांत वरचा बिट उलटला तर तीच संख्या अनंत होते. आणि फायलीच्या सुरुवातीच्या माहितीत, म्हणजे हेडरमध्ये, तोच प्रकार झाला तर फाइल उघडतच नाही.

मला यातली सर्वांत फसवी मधली पायरी वाटते. रेडिओ डेटात मोबाइल टॉवर, विजेच्या तारा, उपग्रह यांचा हस्तक्षेप असतोच. (जुन्नर-आंबेगावात या दुर्बिणीच्या आसपास कुठले उद्योग चालतील यावर बंधनं आहेत ती याचमुळे.) त्यामुळे अवाच्या सवा मोठी संख्या दिसली की आपण ती हस्तक्षेप समजून छाटून टाकतो. बिघडलेली डिस्क आणि बाहेरचा टॉवर, दोघांची खूण इथे सारखीच दिसते. तुम्ही छाटता, पुढे जाता, आणि डिस्क मरायला लागली आहे हे तुम्हाला तीन महिन्यांनी कळतं.

यावर पहिला उपाय सगळ्यांना माहीत असतो: चेकसम. अख्ख्या फायलीवर एक गणित चालवून छोटीशी खूण काढायची, एमडी५ किंवा एसएचए-२५६. फाइल एका बिटानेही बदलली तर खूण पूर्ण बदलते. खगोलशास्त्रातल्या फिट्स फायलींच्या हेडरमध्ये तर अशी खूण ठेवायची सोयही आहे. जाताजाता: एमडी५ ला मुद्दाम फसवता येतं हे २००४ पासून माहीत आहे, त्यामुळे कुणी खोडसाळपणा करेल अशी शंका असेल तर ती चालत नाही. अपघाती बिघाड पकडायला मात्र ती पुरते.

पण चेकसम फक्त सांगते की बिघडलंय. ५० जीबीमध्ये कुठे, ते सांगत नाही, आणि दुरुस्ती तर नाहीच. पावतीवर रक्कम आकड्यांत आणि अक्षरी अशी दोनदा लिहितात, तसं आहे हे. दोन्ही जुळली नाहीत तर घोळ कळतो. खरी कुठली, हे ठरवायला वेगळा नियम लागतो. चेकच्या बाबतीत कायद्याने तो नियम केलाय, अक्षरी रक्कम खरी धरतात. आपल्या फायलीला असा कायदा नाही.

मंचरच्या बाजारातल्या पाच गोणी

दुरुस्तीची युक्ती मी नेहमी आडत्याच्या पट्टीवरून समजावते. मंचरच्या बाजारात कांद्याच्या पाच गोण्या उतरवल्या असं समजा. पट्टीवर वजनं: ५१, ५०, ५२, ४९, ५३ किलो. खाली एकूण २५५. खिशात घामाने पट्टी ओली झाली आणि दुसरा आकडा पुसला गेला. काही बिघडत नाही. २५५ मधून उरलेले चार वजा करा, ५० येतात. ही बेरीज म्हणजेच पॅरिटी. मूळ माहितीत ती काही नवी भर घालत नाही, आहे तीच माहिती दुसऱ्या रूपात थोडी जास्त ठेवते.

दोन आकडे पुसले गेले, दुसरा आणि चौथा, तर? बेरजेवरून एवढंच कळतं की दोन्ही मिळून ९९. एक समीकरण, दोन अज्ञातं. शाळेतच आपण इथे अडलोय. म्हणून पट्टीवर आणखी एक बेरीज लिहून ठेवायची, पण वेगळ्या तऱ्हेची: पहिल्या गोणीला १ ने गुणा, दुसरीला २ ने, तिसरीला ३ ने, असं करत मग मिळवा. ५१ + १०० + १५६ + १९६ + २६५ = ७६८. आता शिल्लक तीन गोण्यांचे ५१, १५६ आणि २६५ वजा केले की उरतात २९६. म्हणजे दुसऱ्याची दुप्पट अधिक चौथ्याची चौपट २९६, आणि दोघांची साधी बेरीज ९९. सोडवा: चौथा ४९, दुसरा ५०. तीन आकडे पुसले जाण्याची भीती असेल तर तिसरी बेरीज, १, ४, ९, १६, २५ ने गुणून. जेवढ्या बेरजा जास्त, तेवढे पुसलेले आकडे परत मिळतात.

इथवर सोपं आहे. पुढची गोष्ट मात्र नीट बघा, कारण मुलाखतीत विचारलं तर बहुतेक जण इथे चाचरतात. आकडा पुसला गेला नाही, चुकीचा वाचला गेला तर? समजा तिसऱ्याचे ५२ आपण ५८ वाचले. पट्टी स्वच्छ दिसते, कुठला आकडा खोटा ते माहीत नाही. साधी बेरीज ६ ने जास्त येते. गुणून केलेली बेरीज १८ ने जास्त येते. १८ भागिले ६, बरोबर ३: तिसरी गोणी. सापडली चूक आणि दुरुस्तही झाली. पण हिशोब करा, दोन्ही बेरजा एकाच चुकीसाठी खर्ची पडल्या. एक जागा शोधायला, एक किंमत काढायला. जागा आधीच माहीत असती तर त्याच दोन बेरजांत दोन आकडे परत मिळाले असते.

म्हणून दुरुस्तीची चांगली अवजारं चेकसम आणि पॅरिटी या दोन्ही गोष्टी एकत्र वापरतात. फाइलीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याची वेगळी खूण ठेवायची. खूण जुळली नाही की तो तुकडा सरळ पुसला गेला असं समजायचं. मग सगळी पॅरिटी किंमत काढण्यासाठी मोकळी राहते. चेकसम एकटी दुरुस्ती करू शकत नाही, पण तिच्यामुळे पॅरिटीची ताकद दुप्पट होते.

संगणकात साध्या बेरजा चालत नाहीत, कारण त्या मोठ्या होत जातात आणि भागाकारात अपूर्णांक येतात. एकच पॅरिटी हवी असेल तर बिटांची एक्सऑर पुरते: १०११, ०११०, ११०० यांची एक्सऑर ०००१. मधला हरवला तर उरलेले दोन आणि ०००१ यांची पुन्हा एक्सऑर करा, ०११० मिळतो. डिस्कांच्या रेड-५ रचनेत हेच चालतं. एकापेक्षा जास्त पॅरिटीसाठी गॅल्वाच्या सांत क्षेत्राचं गणित लागतं, जिथे संख्या मोजक्याच असतात, बेरीज-गुणाकार त्यांच्या बाहेर जात नाहीत आणि शून्य सोडून कशानेही नेमका भागाकार होतो. आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये या क्षेत्रांवर आपली पद्धत मांडली. गाण्यांच्या सीडीवर ओरखडा पडला तरी गाणं वाजायचं ते या पद्धतीमुळे, आणि १९८६ मध्ये व्हॉएजर-२ ने युरेनसहून पाठवलेली चित्रंही तिच्याच आधाराने पोचली. टेप संग्रहातही तीच आत बसलेली असते.

रेडिओवाल्यांसाठी एक आडवळण. आपल्या दुर्बिणीतही असाच जास्तीचा ऐवज आहे. वातावरणाने प्रत्येक तबकडीच्या कलेत, म्हणजे फेजमध्ये, आपली चूक घातलेली असते. अशा ३० चुका आणि मोजमापं ४३५. कुठल्याही तीन तबकड्यांचा त्रिकोण घेऊन तिन्ही जोड्यांच्या कला मिळवल्या की या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. स्वयं-अंशांकन शिकाल तेव्हा पट्टीवरची बेरीज आठवा. फक्त गल्लत करू नका: ते अंशांकन वातावरणाची चूक काढतं, डिस्कची नाही.

प्रत्यक्ष अवजार

फायलींसाठी मी वापरते ते पार-टू. याचा जन्म यूझनेटवरचा. तिथे मोठ्या फायली शेकडो तुकड्यांत पाठवायचे आणि नेमका एखादा तुकडा वाटेत गळायचा. प्रत्येकाने आपापला गळालेला तुकडा पुन्हा मागण्याऐवजी, कुणाचाही कुठलाही गळालेला तुकडा भरून काढतील असे जास्तीचे तुकडे सोबत टाकायचे, ही कल्पना. पार-टूची व्याख्या २००३ ची आहे. फुकट आहे, लिनक्सवर सहज मिळतं. तीन आज्ञा आहेत: क्रिएट, व्हेरिफाय, रिपेअर. मूळ फायलीला ते हात लावत नाही, शेजारी वेगळ्या फायली बनवतं. तपासताना प्रत्येक तुकडा सरकत सरकत शोधतं, त्यामुळे मधले काही बाइट गळून पुढचं सगळं मागे सरकलं असेल किंवा कुणी फायलीचं नाव बदललं असेल, तरी शाबूत तुकडे त्याला सापडतात.

आता आपली ५० जीबीची फाइल. २००० तुकडे केले, एकेक २५ एमबीचा. १० टक्के पॅरिटी म्हणजे २०० जास्तीचे तुकडे, ५ जीबी जागा. सलग ५ जीबी उडाली तरी फाइल परत येईल. पण २०१ वेगवेगळ्या तुकड्यांत प्रत्येकी एकच बिट उलटला, म्हणजे मिळून २६ बाइटांचंही नुकसान नाही, तर काहीच दुरुस्त होणार नाही. कारण बिट एक असो की लाख, तुकडा बाद तो बाद. आणि २०१ पैकी २०० तरी वाचवू, असंही होत नाही. समीकरणं पुरी पडली तर सगळे, नाहीतर एकही नाही. विखुरलेल्या बिघाडाची भीती असेल तर तुकडे लहान करा. पार-टूत ते ३२,७६८ पर्यंत नेता येतात, फक्त वेळ वाढतो, कारण प्रत्येक पॅरिटी तुकड्यात प्रत्येक मूळ तुकड्याचा हिशोब येतो. तुकडे दुप्पट केले आणि टक्केवारी तीच ठेवली, तरी पॅरिटी तुकडेही दुप्पट होतात आणि गणित लांबतं. शिवाय पार-टूच्या मांडणीत काही विरळ जोड्यांची समीकरणं सुटत नाहीत, म्हणून हिशोब अगदी काठावर ठेवू नका.

कशावर पॅरिटी करायची, हे जास्त महत्त्वाचं. खोडदहून आलेली एलटीए किंवा फिट्स फाइल, जिला तुम्ही पुन्हा कधीच हात लावणार नाही, तिच्यावर करा. कासामध्ये कामाला घेतलेल्या मेजरमेंट सेटवर करू नका. ती मुळात एक फाइल नसून फायलींनी भरलेलं फोल्डर असतं, आणि छाटणी किंवा अंशांकन केलं की आतल्या फायली बदलतात. पॅरिटीला त्या बिघडलेल्या वाटतील, आणि चुकून रिपेअर चालवलंत तर तुमचं महिन्याचं काम 'दुरुस्त' होऊन मूळपदावर येईल.

एकत्र बांधताना टार करा, पण जीझिपने दाबू नका. दाबलेल्या फायलीत मधे एक बाइट बिघडला की पुढचं सगळं उलगडायचं थांबतं. नुसत्या टारमध्ये तेवढाच भाग जातो. कच्चा रेडिओ डेटा बहुतांशी खरखराटच असतो, तो दाबून फारसा लहान होतही नाही. थोड्या जागेसाठी एवढी जोखीम मला तरी पटत नाही.

पॅरिटी म्हणजे दुसरी प्रत नव्हे, हेही सांगायला हवं. डिस्क चोरीला गेली की शेजारच्या पॅरिटी फायलीही गेल्या. उलट, दोन डिस्कवर दोन प्रती आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी बिघडल्या आहेत, तर कुठली बरोबर? खुणा नसतील तर ठरवता येत नाही. मी दोन प्रती ठेवते आणि प्रत्येकीसोबत पॅरिटी. विभागाच्या सर्व्हरवर रेड आहे असं कुणी सांगितलं तर मान डोलवा, पण लक्षात ठेवा: रेड डिस्क बंद पडण्यापासून वाचवतं, तुम्ही चुकून डिलीट केलेल्या फायलीपासून नाही.

आणि सगळ्यांत कळीचं, वेळ. पॅरिटी फाइल बिघडण्याआधी करावी लागते. बिघडलेल्या फायलीवर केलीत तर तो बिघाडच ती प्राणपणाने जपेल आणि व्हेरिफाय दरवेळी 'सर्व ठीक' म्हणेल. याच जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या लेण्यात नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायींचे आणि कार्षापणांचे आकडे त्यात कोरलेले आहेत, भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी ते. मधली बरीच अक्षरं झिजून आणि फुटून गेली आहेत, आणि विद्वानांनी भरलेल्या जागा शेवटी तर्कानेच भरलेल्या आहेत. आज कितीही बारकाईने त्याचं छायाचित्र घेतलं तरी ते आजच्या अवस्थेचंच राहणार.

म्हणून क्रम असा ठेवा. संग्रहातून फाइल उतरवली की आधी तिथे दिलेला आकार किंवा खूण असेल ती जुळवा. मग फाइल एकदा उघडून बघा: किती तबकड्या, किती वेळ, किती चॅनल. मग लगेच, त्याच दिवशी पॅरिटी. मग फाइल फक्त वाचण्यापुरती खुली ठेवा, बदलता येऊ नये अशी. दर सहा महिन्यांनी व्हेरिफाय चालवा. मी अर्जाच्या मुदतीशी ते जोडून ठेवलंय, नाहीतर राहून जातं. एकही तुकडा बाद निघाला तर दुरुस्ती करून खूश होऊ नका, डिस्क बदला.

आणि हे सगळं एकदा खोटंखोटं करून बघा. कुठलीही एक जीबीची फाइल घ्या, तिची एसएचए-२५६ खूण कागदावर लिहा, १० टक्के पॅरिटी करा. मग एका प्रतीच्या मधोमध चार केबी शून्यं भरा, दुसऱ्या प्रतीतून शंभर बाइट काढूनच टाका, तिसरीची शेवटची १५ टक्के कापा. तिन्हींवर व्हेरिफाय आणि मग रिपेअर चालवा, आणि आलेली खूण कागदावरच्या खुणेशी ताडा. पहिल्या दोन परत येतील. तिसरी येणार नाही. पॅरिटी किती ठेवली असती तर ती आली असती, याचा हिशोब चालवण्याआधी हाताने करा.